मानाची जागा

१२ जानेवारी

बाहेर उणे एकतीस! आणि आजपासून कचेरी फक्त सतरा अंशांवर. इमारत तापवू नका, माणूस तापवा — कल्पना माझीच. साहेबांना पटली. प्रत्येकाला तापणारी खुर्ची, पायाशी तापणारी फळी, हाताशी बटण. ज्याला हवी तेवढी ऊब. वीज निम्मी!

येर्झान खुर्चीवर बसला आणि ओरडला, "मेरुएर्त, अंडी उबवायला बसवलंस का आम्हाला?"

१९ जानेवारी

कोण किती वीज वापरतं याचा तक्ता भिंतीवर लावला. गंमत म्हणून. सगळ्यात वर रौशन आपाय, आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई, साठीच्या हिशेबनीस. येर्झान म्हणाला, "आपाय, चुलीवरच बसा की!" सगळे हसले. मीही.

२३ जानेवारी

आपाय कोट घालून बसतात. बटण बंद. "नको गं, तक्त्यात नाव नको." हात धरला — बर्फ!

२४ जानेवारी

त्यांचं टेबल अगदी आत, दारापासून सगळ्यात लांब. वडीलधाऱ्यांना आम्ही तिथंच बसवतो, घरी काय नि कचेरीत काय; दाराशी बसतो तो सगळ्यात कमी मानाचा. पण तिथंच उत्तरेची खिडकी, आणि तिच्या फटीतून सुरीसारखा वारा. इतकी वर्षं मानानं त्या वाऱ्यात बसवलंय त्यांना. मला कसं दिसलं नाही? लाज वाटते. तक्ता फाडून टाकला.

२९ जानेवारी

आपायना न्यूमोनिया. इस्पितळात आहेत.

३ फेब्रुवारी

भेटून आले. माफी मागताना रडूच आलं. "वेडी आहेस," म्हणाल्या, आणि माझ्याच हातात कुर्त, सुकवलेल्या दह्याचा खारट गोळा, कोंबला. डॉक्टर म्हणतात, छाती अजून नाजूक आहे. पण यांचं एकच — "सोमवारी कामावर येते. घरी बसून मी मरेन!"

६ फेब्रुवारी

त्यांचं टेबल दाराशी आणलं. तिथून गरम पाण्याचा जाड नळ जातो, भिंत कशी ऊनऊन. येर्झान कुरकुरला, "आपायना दाराशी? उंबऱ्यावर?" मी म्हटलं, मान गेला चुलीत, माणूस जगू दे! उद्या इस्पितळात जाऊन मीच समजावीन त्यांना. किती दिवसांनी बरं वाटतंय.

७ फेब्रुवारी

निघतच होते, तर त्यांच्या मुलीचा, गौहरचा फोन. आपाय पहाटे गेल्या.

"काल संध्याकाळी येर्झान आला होता. टेबल हलवल्याचं बोलून गेला. मग आई भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही. एकदाच विचारलं — दाराशी?"