वेठीची साक्ष आणि तुरुंगातले कॉलेज

मी, रामजी काळूराम तांबे, वय एकोणऐंशी, इयत्ता चौथी उत्तीर्ण, दिवेआगरच्या अलीकडील बौद्धवाडीतील ज्येष्ठ नागरिक, पूर्ण शुद्धीवर लिहितो ते असे. चि. सिद्धेश यास आजोबांचा जय भीम व आशीर्वाद. तुरुंगात प्रकृतीस जपावे. (तेथील डाळ पातळ असते असे कळले. येथीलही फारशी घट्ट नसते.)

तुला तुरुंगातून कॉलेजात प्रवेश मिळवून देणाऱ्या संस्थेच्या सुचिताबाई रविवारी येथे आल्या होत्या. (तू मुंबईस कॉलेजात आहेस, असे मी वाडीत सांगत आलो, हे तू जाणतोस. बाईंच्या कृपेने ते आता निम्मे खरे झाले.) बाईंचा मूळ अभ्यास गुलामगिरीचा. माझे आजोबा खोताच्या बागेत वेठीने, म्हणजे फुकट, सुपारी सोलीत. त्याची साक्ष त्यांना हवी होती. उतरल्या मात्र त्याच खोताच्या नातवाकडे, दत्तात्रेयाच्या होमस्टेमध्ये. (जेथे आजोबांना अंगणापुढे पाऊल टाकता येत नसे, तेथे आता कोणीही भाडे देऊन खुशाल घोरतो. यास प्रगती म्हणतात.)

विहारात सर्वांसमक्ष मी सांगितले, की हंगामात घरटी एक माणूस खोताकडे द्यावा लागे. न दिल्यास कसायला दिलेली जमीन जाई. दत्तात्रेय न बोलावता आला होता. म्हणाला, "रामजीकाका, ती माणसं घरचं काम समजून प्रेमाने यायची हो!" मी विचारले, "घरची होती, तर तुम्ही त्यांच्या ओंजळीत पाणी वरून का ओतीत होता?" येथे त्याने गप्प बसावयास हवे होते. तो हसला. "काका, तुमचा नातू कॉलेजात कसला, तो तर तुरुंगात! नातवाचं खोटं सांगता, मग आजोबांचं खरं कशावरून?"

बाईंनी मान खाली घातली. (शिकलेल्यांचा सभ्यपणा फार जीवघेणा.) तुझी आजी मात्र ओरडली, "आता बोला की! दातखीळ बसली काय?" मी उभा राहिलो. नातू मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगतो आहे, हे खरे. तेथून कॉलेज शिकतो आहे, हेही खरे. आणि माझे आजोबा वेठीने राबले, हेही तितकेच खरे. बाईंनी तिन्ही लिहून घेतले. दत्तात्रेय चहा न घेता गेला. (चहा आमच्या घरचा होता.)

तेव्हापासून वाडी तुझी चौकशी हळू आवाजात करते, जणू तुला दुखणे झाले आहे.

ता. क. बोलण्याच्या भरात, तू पहिल्या वर्षी पहिला आलास, असेही माझ्या तोंडून गेले. परीक्षा अजून व्हावयाची आहे, हे मला ज्ञात आहे. दत्तात्रेय निकाल विचारल्याशिवाय राहणार नाही. आजोबांची साक्ष टिकणे आता सर्वस्वी तुझ्या अभ्यासावर आहे. पहिला ये.

समक्ष हजर साक्षीदार: तुझी बहीण प्रज्ञा, सही. तुझी आजी पुतळाबाई, अंगठा. ("नापास झाला तरी घरी ये म्हनावं," असे ती म्हणते. सदर विधानास मी हरकत घेतलेली नाही.)