मुख्याध्यापिकाबाईंची कवळी आणि माझं खरं नाव

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग घातला असं समज, कमरेनं परवानगी नाकारली आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी जिन्यात अजून तिसऱ्या पायरीवर थांबून राजकारणावर बोलतात का? आम्ही मजेत.

बातमी अशी की मी दुसरा ब्लॉग काढला, आणि तोही चक्क खऱ्या नावानं. पहिला तुला ठाऊकच आहे : टोपणनाव, भयकथा, नऊ वर्षं, वाचक रग्गड. तो छान चालला होता. पण मध्यंतरी आमच्या दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या बाई त्यातलीच एक गोष्ट मला वाचून दाखवू लागल्या, आणि लिहिणारा कोण असेल याचा बराच विचार करून वर म्हणाल्या, की तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही कवळ्या करता. ते जिव्हारी लागलं. म्हटलं, भुतं राहू देत टोपणनावाकडे. आपल्या नावावर फक्त खरं लिहायचं. खऱ्याला भ्यायचं काय?

पहिला लेख कवळ्यांवरच लिहिला. दवाखान्यामागच्या खोलीत मेण वितळवण्यात आणि साचे घासण्यात वीस वर्षं गेली, तेव्हा विषय हातचा होता. लिहिण्याच्या भरात एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची हकीकत आली : सत्काराला उत्तर देताना 'शिस्त' या शब्दावर त्यांची वरची कवळी सुटली, ती थेट पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या मांडीवर. (नाव घातलं नव्हतं. पण गावात निवृत्त मुख्याध्यापिका असून असून किती, आणि त्यात उडत्या कवळीच्या किती?) अगं, पहिल्या ब्लॉगवर मी आजवर चाळीसेक माणसं मारली, दोघांना भिंतीत चिणलं, कुणाच्या नातेवाइकानं हूं की चूं केलं नाही. इथं एक कवळी काय सुटली, तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी बोलावून घेतलं. पेशंटची गोष्ट चव्हाट्यावर मांडायची नसते, लेख आजच्या आज काढून टाका, एवढंच म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. (कबूल करायला मला दुपार लागली.)

लेख काढायला बसलो, तोच मुख्याध्यापिकाबाई लेखाचा कागद घेऊन सरळ मागच्या खोलीत आल्या आणि माझ्या स्टुलावर बसल्या. मी उभा. वय वर्षं बावन्न, पण तळहात आपोआप पुढे झाला.

"ही मीच ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो आणि माफी मागायला लागलो.

"माफीचं नंतर बघू. स्वतःचं नाव एवढं ठळक छापलंत, मग माझं कुठं गेलं?"

तुम्हाला लाज वाटेल म्हणून गाळलं, असं मी पुटपुटलो. त्यांनी कागदाची घडी घातली.

"त्या दिवशी सगळं सभागृह हसलं. माझे जुने विद्यार्थी माझ्यासमोर जन्मात पहिल्यांदा मोकळे हसले. मग मीही हसले. ते तुम्ही लिहिलंच नाहीत."

ताई, भल्याभल्या भुतांनी मला जे शिकवलं नाही, ते बाईंनी स्टुलावर बसून शिकवलं. त्यांनी डॉक्टरबाईंना लेखी परवानगी दिली, मी त्यांच्या नावासकट लेख पुन्हा लिहिला. (आणि तो शब्द 'शिस्त' नव्हे, 'संयम' होता, हेही दुरुस्त केलं.) वाचक अजून अकराच आहेत, पण अकराही मला ओळखतात. आता मी कुणाच्या बापाला भीत नाही.

गुडघ्यांना जप. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : पहिल्या ब्लॉगवरची सगळ्यात गाजलेली 'माळ्यावरची बाई' ही गोष्ट तुझी. मला गोवर आला असताना मी अंथरुणातून उठू नये म्हणून तू ती रचली होतीस. नऊ वर्षं शाबासकी मी खाल्ली. खऱ्या नावानं लिहायचं म्हटल्यावर हे गिळून बसवेना. तसा लेख लिहिलाय. तुझं नाव घालू का?

ता. क. २ : माहेरचं घालू की सासरचं, तेही कळव.

ता. क. ३ : सावकाश कळव. लेख परवाच टाकलाय, दोन्ही नावं घालून. पहिली प्रतिक्रिया भावोजींची आली. ते म्हणतात, गोष्टीचा शेवट मी पार बिघडवलाय, तू सांगतेस तो कितीतरी भारी आहे. वाचक आता तोच मागतायत. तेवढा लिहून पाठव.