आकड्यांचे स्पीकर

इंजिनियरसाहेब,

तुझे नवे स्पीकर परत करायला दुकानात चाललेय. आज शेवटचा दिवस आहे. बाळ सोबत आहे.

तीन आठवडे माहितीपत्रकांतले आकडे जुळवत बसलास, पण घेण्याआधी एकदाही ऐकलं नाहीस. सकाळी त्यांच्यावर आईने गाऊन पाठवलेली अंगाई लावली, तर ती पिंपात बसून गातेय असं वाटलं आणि बाळाने भोकाड पसरलं. जुन्या, चिकटपट्टी लावलेल्या स्पीकरवर तीच अंगाई ऐकत गाढ झोपलं. कसले वॅट न् कसले हर्ट्झ! ‘साखर’ लिहिलेला कागद चाटून तोंड गोड होतं होय?

बाळाचं वजनही तू तक्त्यातच बघतोस. आम्ही आलो की त्याला एकदा उचलून घे. केवढं झालंय ते हाताला कळेल.