फळीवरची अनामत

मी, वामन नरहर देवणीकर, वय चौपन्न, धंदा लग्नकार्यासाठी भांडी भाड्याने देणे, जोडधंदा नांदेडच्या एका दैनिकाला बातम्या पाठवणे, राहणार गंजगोलाईच्या मागे, लातूर (जिल्हा आता लातूरच, सवयीने उस्मानाबाद लिहिले होते, ते खोडले आहे), माझ्या पश्चात कोणाला काय मिळावे ते स्वहस्ते लिहून ठेवतो. बुद्धी ठिकाणावर आहे. थोरले बंधू श्रीनिवासराव याविषयी निराळे बोलतील. पण त्यांचे ते मत माझ्या मुंजीपासूनचे असल्याने त्याला वैद्यकीय महत्त्व देऊ नये. कोणाचे दडपण नाही. हैदराबादला हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टर ‘काही होत नाही’ असे इतक्या वेळा म्हणाले, की लिहून ठेवणे बरे वाटले.

कलम १. दुकान आणि त्यामागच्या दोन खोल्या मी स्वकमाईने घेतल्या. त्या माझी मुलगी गोदावरी हिच्या. पत्नी हयात नाही, दुसरे अपत्य नाही. मागच्या खोलीचे पत्रे गळतात. हा दोष जागेबरोबरच तिच्याकडे जाईल.

कलम २. पोस्टातली शिल्लक गोदावरीची. ती पाहून तिने हसू नये.

कलम ३. बातमीदारी कोणालाच देत नाही. मागणारा कोणी आढळला नाही.

कलम ४. दुकानाच्या ओसरीत पाशामियाँ कल्हईवाले बसतात, ती जागा त्यांची, ते बसतील तोवर. मी घेतलेला नवा भाताही त्यांचाच. आमची तांब्यापितळेची भांडी त्यांच्या कल्हईवर जगली. मी नांदेडच्या पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलो. तिथे आठ वर्षे घटाची चर्चा केली. घट मातीपासून होतो की नाही, नसलेला घट कसा ओळखावा, सगळे झाले. घट घासावा लागतो, हे एकाही गुरुजींनी सांगितले नाही. दुकान काढल्यावर पहिली डेग, म्हणजे पंगतीच्या भाताचे मोठे भांडे, मी नुसती विसळून कोपऱ्यात ठेवली. पाशामियाँनी आत बोट फिरवून माझ्यापुढे धरले. “महाराज, श्लोक म्हणून काळं जात न्हाई.” माझे दुसरे शिक्षण तिथून सुरू झाले.

कलम ५. धंद्याविषयी. ज्याला तो मिळेल त्याने तो कसा वाढला हे जाणून घ्यावे. त्याने मलाही थोडेसे वाढवले.

दुकान उघडले आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. लग्ने झाली, पण उरकल्यासारखी. भाडे आगाऊ मागायला मला लाज वाटे, आणि लोकांना भांडी फुकट न्यायला. शेवटी मी भिंतीला एक फळी ठोकली. भांडी न्या, भाडे सवडीने द्या. भांडी परत येईपर्यंत घरातली एक वस्तू या फळीवर ठेवा. कंदील आले, लोटे आले, एका पैलवानाची गदा आली. वस्तू फळीवर असली की माणूस ताठ मानेने भांडी नेई. दुसरा नियम आमच्या आयांनीच घालून दिलेला होता: कोणाचे भांडे रिकामे परत करायचे नाही. तळाला चिमूटभर साखर, मूठभर ज्वारी, असेल ते. त्या वर्षी एका बाईने डेगीत एकच कांदा घालून आणला. आम्ही तो दोन दिवस पुरवला.

केरबा वाघमारे तेव्हा शाळेत मास्तर होते. मुलीच्या लग्नासाठी भांडी मागायला आले आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “गुरुजी, आम्ही बौद्ध आहोत. विचार करायला दोन दिवस घ्या.”

“विचार कशाचा? अनामत काय ठेवता?”

“एवढंच?” ते हसले आणि घरी जाऊन भिंतीवरचे घड्याळ काढून घेऊन आले.

ते घड्याळ फळीवर टिकटिकत असताना श्रीनिवासराव आले. म्हणाले, “आता ही भांडी आपल्या देवाच्या कार्याला चालायची नाहीत.” मी बरे म्हटले. हा बहिष्कार चार महिने टिकला. मग त्यांच्याकडे बारसे आले. बाजारात दुसऱ्यांचे भाडे रोख होते, माझे त्यांना फुकट पडे. शास्त्रार्थ तिथेच मिटला.

फळीवर त्यांची वस्तू मात्र कधी आली नाही. “घरचंच आहे ना.” भांडी नेत, खरकटी आणत, तळाला काही नसे. पाटलाकडे, वकिलाकडे, फौजदाराकडे अनामत मागायला मी शिकलो. थोरल्या भावापुढे जीभ अखेरपर्यंत उचलली नाही. इतका वाढलो, पुढे खुंटलो.

कलम ६. गोदावरी धर्माबादच्या सासरहून परत आली तेव्हा बरेच महिने मागच्या खोलीतच असे. गिऱ्हाईक आले की कडी लावून घेई. मी आजारी पडलो म्हणून नाइलाजाने बाहेर बसू लागली. नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या. एका कचेरीच्या उद्घाटनासाठी शिपाई आला. “साहेबांचा हुकूम हाय, पाच डेगी काढा.”

“साहेबांची अनामत?” ती म्हणाली.

शिपाई परत गेला आणि साहेबांच्या टेबलावरची घंटी घेऊन आला. दोन दिवस साहेब त्याला हाका मारून बोलावत होते म्हणतात. ही बातमी मी दैनिकाला पाठवली नाही, यातच माझे सर्व इमान आले.

तेव्हा परक्यापुढे ती खुंटत नाही. घरच्यांपुढे काय करील, हे मला ठाऊक नाही. श्रीनिवासरावांची मंडळी धंदा एकदम मागणार नाहीत. एकेक डेग नेतील आणि आणणार नाहीत. म्हणून अट अशी: माझ्या तेराव्याला ते भांडी मागतील. गोदावरीने त्यांच्याकडून अनामत घेतली तर धंदा संपूर्ण तिचा. तिला ते जमले नाही तर पाशामियाँनी भांडी विकून रक्कम तिच्या नावे बँकेत ठेवावी. रकमेला काका नसतात.

कलम ७. वडिलांचे तांब्याचे पंचपात्र. ‘शिकेल त्याला’ असे वडील म्हणाले होते. शिकलो मी, वाटणीत नेले श्रीनिवासरावांनी. ते पात्र कधी कोणत्याही निमित्ताने आपल्या दुकानात आले, तर परत देऊ नये.

येथवर गुरुवारी लिहून झाले. पुढचे लिहायचे नव्हते, पण रविवारी श्रीनिवासराव नातवाच्या मुंजीसाठी भांडी न्यायला आले. मी आतल्या खाटेवर होतो.

“गोदे, दोन डेगी अन् ती मोठी परात काढ. गाडी उभी आहे.”

“हाव काका. अनामत काय ठेवता?”

“थट्टा करून राहिलीस का? घरचंच आहे ना!”

“घरचं आहे म्हणूनच. बाहेरचे न सांगता ठेवतात.”

“वामन्याला बोलव.”

“बाबा निजलेत. दुकान मी बघून राहिले.”

मी निजलो नव्हतो. पण निजलेल्या माणसाने मध्ये बोलणे बरे दिसत नाही. भात्याचा आवाज थांबला आणि पाशामियाँ म्हणाले, “बडे महाराज, या फळीवर साहेबाची घंटी बी बसून गेली. बिघडलं कायबी न्हाई.”

मुंजीसाठी उजळून घ्यायला श्रीनिवासरावांनी पिशवीत पंचपात्र आणले होते (उजळणावळही घरचीच धरून). ते फळीवर आपटल्याचे मी ऐकले. तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो.

“घे. बापाचं पंचपात्र. झालं समाधान?”

“झालं काका. डेगी कोरड्या पुसून आणा.”

ते गेल्यावर मी गोदावरीला बोलावून सातवे कलम वाचून दाखवले. म्हटले, “आता हे द्यायचं नाही.”

तिने ते दोनदा वाचायला लावले. मग म्हणाली, “बाबा, हे ठेवून घेतलं तर उद्या आपल्या फळीवर कोण काय ठेवील?”

मी न्यायशास्त्रातले सर्व आठवून पाहिले. मग कागदाची घडी करून उशाखाली ठेवली.

मुंज झाली. डेगी परत आल्या, घासलेल्या. एकीच्या तळाला द्रोणभर बुंदी होती. वहिनींनी घातली असावी, पण डेग उतरवली श्रीनिवासरावांनी स्वतः. गोदावरीने पंचपात्र खाली काढले. पाशामियाँनी ते उजळून ठेवले होते. समोरच्या सिद्रामप्पांच्या दुकानातून साखर आणून तिने ते काठोकाठ भरले आणि काकांच्या हातात दिले.

“हे काय?”

“रिकामं कसं द्यायचं?”

ते पंचपात्र दोन्ही हातांनी धरून गाडीपर्यंत चालत गेले. साखर सांडू नये म्हणून असेल. मी खिडकीतून पाहिले आणि मागचे सर्व विसरलो असे लिहिणार होतो. पण हा सहीचा कागद आहे, यात खरेच लिहावे. बरेचसे विसरलो.

कलम ८. सबब कलम ६ मधली अट आणि कलम ७ संपूर्ण मी सहीपूर्वी स्वहस्ते रद्द करीत आहे. भांडी, फळी, दुकानाचे नाव आणि धंदा गोदावरीचा, विनाअट. वकील म्हणाले, मजकूर नव्याने लिहून काढा. मी एकच रेघ मारली आहे, खालचे वाचता येईल अशी. तिने अट कशी पुरी केली हे तिच्याजवळ राहावे.

साक्षीदारांना काही ठेवू नये असेही वकील म्हणाले. म्हणून केरबा आणि सिद्रामप्पा यांना फक्त चहा दिला आहे.

कलम ९. उद्या सकाळच्या गाडीने निघतो. दवाखान्यात पाणी प्यायला दुकानातला लहान तांब्या पिशवीत घालत होतो. गोदावरी दारात उभी होती. “बाबा, अनामत?”

चष्मा द्यावा तर सही कशी करणार. म्हणून हेच मृत्युपत्र पाकिटात घालून फळीवर ठेवत आहे. परत आलो तर तांब्या जागेवर ठेवून कागद मीच उचलीन, आणि तांब्या रिकामा आणणार नाही. नाही आलो तर पाकीट गोदावरीने उघडावे, आणि तांब्या हैदराबादहून मागवून घ्यावा. तो दुकानाचा आहे.

लातूर, दिनांक ११ मार्च १९८४

(सही) वामन नरहर देवणीकर

आमच्यासमोर वाचून, हसून, मग सही केली:
१. (सही) केरबा वाघमारे, निवृत्त शिक्षक
२. (सही) सिद्रामप्पा, किराणा दुकानदार. चहात साखर कमी होती.