फुकट सल्ल्याची बिलं

७ जानेवारी २००८, सोमवार
आजपासून माझ्या डॉक्टर बायकोच्या, पद्मिनीच्या क्लिनिकचं बिलिंग माझ्याकडे. कंपनीने तीस नोव्हेंबरला आमच्या अख्ख्या ग्रुपला घरी बसवलं, तेव्हा पद्मिनी म्हणाली थोडे दिवस आराम कर. पूर्ण डिसेंबर केला. अकरा वर्षं गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिलं आहे, डॉक्टरची बिलं काय जड आहेत.

मुदत ३१ मार्च. लोकांकडे थकलेली रक्कम तोवर निम्म्यावर आणली तर मी कायमचा प्रॅक्टिस मॅनेजर. नाही आणली तर परत घरी, रेझ्युमे पाठवत आणि मराठी मंडळाच्या लोकांच्या 'सध्या काय चाललंय' या प्रश्नाला तोंड देत. तशी वेळ येणार नाही.

संकल्प: रोज सहाला उठणे. कुणावरही न चिडणे.

७ जानेवारी, रात्री
डोलोरेसवर चिडलो. उद्यापासून.

९ जानेवारी, बुधवार
डोलोरेस म्हणजे इथली बिलिंगवाली. वय साठ. पद्मिनीने हे क्लिनिक जुन्या डॉक्टरकडून विकत घेतलं तेव्हा खुर्च्या, फ्रिज आणि डोलोरेस असं एकत्र आलं. सगळा कारभार बुटांच्या खोक्यातल्या कार्डांवर. प्रत्येक कार्डावर पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं.

नवं सॉफ्टवेअर तिला नकोच आहे. आज म्हणाली, मिस्टर मिलरची बायको नोव्हेंबरमध्ये गेली, त्याचं बिल वसंत ऋतूपर्यंत पाठवू नकोस. मी सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये वसंत ऋतूचा रकाना नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःचं सँडविच खायला लागली.

मिलरला बिल पाठवणारच.

१५ जानेवारी, मंगळवार
सॉफ्टवेअरच्या हेल्पलाइनवर बावन्न मिनिटं सॅक्सोफोन ऐकला. मग एक पोरगा आला आणि मॅन्युअल वाचलं का विचारलं. मी त्याला ऐकवलं की मॅन्युअल वाचायला वेळ असता तर फोन कशाला केला असता. त्याने मला परत सॅक्सोफोनवर टाकलं.

मुख्य अडचण माझी मीच सोडवली. हा अमेरिका देश महिना आधी लिहितो आणि दिवस नंतर. अकरा वर्षं सहन केलं. आता मॅनेजर मी आहे. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजमध्ये जाऊन तारखेची पद्धत बदलून टाकली: आधी दिवस, मग महिना, माणसांसारखं. कोपऱ्यातल्या घड्याळात लगेच १५/०१ दिसू लागलं. डोलोरेसने आपल्या कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. राहू दे तिला मागास.

२३ जानेवारी, बुधवार
पहिली मोठी बॅच. १८६ बिलं दोन तासांत छापली. डोलोरेसला याला आठवडा लागायचा.

पाकिटाला पुढे खिडकी असते, त्यातून नाव-पत्ता दिसायला हवा. घडी थोडी वेगळी पडल्यामुळे नावाऐवजी 'तपासणी, मूळव्याध' असं दिसत होतं. सगळ्यांचं नाही, ज्यांना आहे त्यांचंच. डोलोरेसने पाकिटं पोस्टमनच्या हातातून परत ओढली आणि जेवण सोडून १८६ घड्या पुन्हा घातल्या. पद्मिनीला सांगितलं नाही, हा आपला मोठेपणा असं डोलोरेसला वाटत असेल. घड्या घालणं मॅनेजरचं काम नाही.

२६ जानेवारी, शनिवार
आमच्याकडे हळदीकुंकू. आमच्या या नोव्हाय गावातल्या यच्चयावत मराठी बायका हजर. नवरे खाली बेसमेंटमध्ये, फुकटचा चिवडा खात. मी वर बर्फ नेण्यासाठी आलो तर काय दृश्य. आसावरी, म्हणजे पद्मिनीची जिवलग मैत्रीण, सोफ्यावर बाही वर करून बसलेली आणि पद्मिनी तिचा खांदा दाबून बघते आहे. मागे चार जणी आपापली पाळी यायची वाट बघत. एकीला गॅस, एकीच्या नवऱ्याला घोरणं, एकीच्या सासूचा गुडघा, आणि सासू तर नाशिकला. वाण घ्यायला आल्या होत्या म्हणे. तिळगुळाच्या बदल्यात निदान.

शिवाय फोन आहेतच. पुरुषोत्तमकाका रोज संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन करतात. वय बहात्तर, मुलगा नोकरीसाठी टेक्ससला गेला, हे इथे सीनियर अपार्टमेंटमध्ये एकटे. मी उचलला तर 'काय रे श्रीरंगा, डॉक्टरीणबाई आहेत का' म्हणतात. मग बीपी किती, वजन किती, भाजीत मीठ किती, बाहेर बर्फ किती. पद्मिनी हसत हसत ऐकते. दिवसभर पंचवीस पेशंट तपासून आलेली बाई.

झोपताना सुचलं. थकबाकी कमी करायची तर वसुली वाढवायला हवी, आणि सगळ्यात मोठी गळती माझ्या घरातच आहे.

२७ जानेवारी, रविवार
इन्शुरन्सवाल्यांचं परिपत्रक वाचलं. या जानेवारीपासून डॉक्टरने फोनवर दिलेल्या सल्ल्यालाही बिल लावायचा वेगळा कोड आला आहे. इन्शुरन्स पैसे देणार नाही, म्हणजे बिल थेट पेशंटला. जानेवारीपासून म्हणतात, पण आजार काय डिसेंबरमध्ये नव्हते का.

आणि डिसेंबरची माझ्याकडे पक्की नोंद आहे. घरी बसून होतो तेव्हा या वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येक फोन लिहून ठेवला होता: तारीख, नाव, मिनिटं, रडगाणं. तेव्हा नुसता वैतागून लिहीत होतो. आता कळलं की तो डेटा होता.

२ फेब्रुवारी, शनिवार
क्लिनिक बंद असताना नोंदी टाकल्या. एका फोनचे पंचवीस डॉलर. एकतीस मराठी कुटुंबांची खाती उघडली.

सॉफ्टवेअर बारा डिसेंबरपर्यंतच्या नोंदी निमूट घेतं. तेरापासून पुढे 'चुकीची तारीख' म्हणून लाल अक्षरं. चार वेळा टाकून पाहिलं. बहुधा जुन्या नोंदींवर काहीतरी मर्यादा ठेवली असेल, यांची कामं अशीच. सॅक्सोफोन ऐकायची ताकद नव्हती. पहिल्या बारा दिवसांवर भागवलं. पुढच्यांचं नशीब.

बिलाखाली येणारा मजकूर मी स्वतः लिहिला. तीन पायऱ्या. नवीन बिलाला गोड. साठ दिवस उलटले की खरमरीत. नव्वदच्या वर गेलं की 'अखेरची सूचना, खाते वसुली एजन्सीकडे सोपवण्यात येईल'. कुठला मजकूर कुणाला, हे सॉफ्टवेअर तारखेवरून आपोआप ठरवतं. यांची पहिलीच बिलं, त्यामुळे गोडच जाणार. मी काही दुष्ट नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार
पाठवली. पद्मिनी पेशंटमध्ये होती, तिला विचारलं नाही. निकाल दिसल्यावर सांगू.

डोलोरेसने गठ्ठा बघून विचारलं की ही माणसं कोण, यांना मी कधी क्लिनिकमध्ये पाहिलं नाही, आणि डॉक्टरना माहीत आहे का. मी म्हटलं, डॉक्टर माझी बायको आहे. ती म्हणाली, तिने ते विचारलं नव्हतं. एक तरी बिल उघडून नीट बघ असंही म्हणाली. मी पाकिटं चिकटवून टाकली.

घरी इलाला थोडंसं सांगितलं. पंधरा वर्षांची कार्टी. म्हणाली, बाबा, दॅट इज सो नॉट ओके. तिला तिच्या आयपॉडचे पैसे कुठून येतात ते विचारलं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
आठ दहा झाले. फोन नाही.
साडेआठ. नाही.
अकरा वर्षांत पहिल्यांदा मी बातम्या सलग पाहिल्या.

१० फेब्रुवारी, रविवार
आठवडाअखेर असून एकही फोन नाही. आसावरीसुद्धा नाही. नाहीतर रविवारी तासभर चालतं. पद्मिनीने दोनदा रिसीव्हर उचलून टोन आहे का ते पाहिलं. मला म्हणाली, फोन बिघडलाय का रे. मी म्हटलं, असेल.

लोकांना शिस्त लागते. फक्त लावणारा हवा.

पेमेंट अजून एकही आलेलं नाही. पोस्टाला वेळ लागतो, त्यात हा बर्फ.

१३ फेब्रुवारी, बुधवार
पद्मिनीने आसावरीला फोन केला. ती म्हणे गडबडीत आहे, नंतर बोलू. पद्मिनी जरा वेळ फोनजवळच बसून राहिली. मग उगाच कपाट आवरलं. बाई इतकी थकते, तिला ही शांतता मिळवून दिली, तर तिला ती वापरताही येत नाही.

काकांना फोन करू का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, टेक्ससला मुलाकडे गेले असतील.
हे मला खरंच वाटलं होतं. साधारण.

१६ फेब्रुवारी, शनिवार
दुपारी हॉस्पिटलमधून फोन. पुरुषोत्तमकाकांना ॲम्ब्युलन्सने आणलं आहे. फुप्फुसात पाणी. पद्मिनी कोट न घालताच बाहेर पडली, बाहेर उणे बारा. मीही जाणार होतो, पण ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा होता.

१७ फेब्रुवारी, रविवार
काका वाचतील. आधी ते लिहितो.

पद्मिनी पहाटे आली. तिच्या हातात बिल होतं. काकांच्या सदऱ्याच्या खिशात घडी करून ठेवलेलं सापडलं. बारा फोन, तीनशे डॉलर, अखेरची सूचना, वसुली एजन्सी. तारखा जानेवारी २००७ पासून डिसेंबर २००७ पर्यंत, दर महिन्याच्या बारा तारखेला एक. वर्षभर थकवलेले पैसे. काकांना वाटलं आपण खरंच वर्षभर काही भरलं नाही, विसरलो असू.

नऊ दिवसांपूर्वी पाय सुजले होते. मग धाप. रात्री उशीला टेकून बसायचे. शेजारणीने विचारलं डॉक्टरला का कळवत नाही, तर म्हणाले मागचं देणं फिटेपर्यंत बरं दिसत नाही. हॉस्पिटलमध्ये पद्मिनीला पाहून त्यांचं पहिलं वाक्य हे होतं की पहिला हप्ता काल पोस्टात टाकला आहे, म्हणून आता विचारतो.

पद्मिनी ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिने या वहीची मागची पानं मागितली, नऊ डिसेंबरवर बोट ठेवलं आणि विचारलं की इथे काय लिहिलंय ते वाच. मी वाचलं: सहा मिनिटं, हवापाणी आणि वजनाचं पुराण. ती म्हणाली, त्या दिवशी वजन दोन पौंड वाढलं होतं, म्हणजे अंगात पाणी साठत होतं, म्हणून मी ते काढणारी गोळी दुप्पट केली. म्हणून ते डिसेंबरमध्ये हॉस्पिटलमध्ये नव्हते.

मी सॉफ्टवेअरबद्दल बोलायला लागलो. ती उठून गेली.

१८ फेब्रुवारी, सोमवार
डोलोरेसने चूक दीड मिनिटात काढली. मी एक डिसेंबर म्हणून ०१/१२ टाकलं, सॉफ्टवेअरने बारा जानेवारी वाचलं. घड्याळ माझं ऐकत होतं, सॉफ्टवेअर नव्हतं. तेरावा महिना नसल्यामुळे पुढचं लाल. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या दोष सॉफ्टवेअरचाच. हे मी म्हटलं तेव्हा डोलोरेसने खोकं उघडलं आणि मिलरचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मे'. अक्षरात, आकड्यात नाही.

एकतीसही खाती रद्द. पद्मिनीने प्रत्येकाला हाताने पत्र लिहिलं. आसावरीचं ती स्वतः तिच्या पेटीत टाकून आली. ते वाचून आसावरीने फोन केला, पण इलाच्या मोबाइलवर.

पद्मिनी म्हणाली की उद्यापासून डोलोरेस पूर्णवेळ, आणि तू रेझ्युमे काढ. मुदत ३१ मार्चची होती, याची मी आठवण करून दिली नाही. करणार होतो.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
काकांचा चेक आला. पंचवीस डॉलर. सोबत चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात: 'बिलिंग विभाग यांस, विलंबाबद्दल क्षमस्व. उरलेले दरमहा पाठवीन.'
माझ्या सगळ्या योजनेतली एकूण वसुली ही.
पद्मिनी म्हणाली, स्वतः जाऊन परत दे. पोस्टाने नाही.

१ मार्च, शनिवार
काका घरी येऊन आठवडा झाला. आज गेलो. आधी दोनदा निघालो होतो, एकदा बर्फ आणि एकदा पोट.

दार उघडून उभेच राहिले. 'या, बसा' म्हणाले. सदरा अंगावर सैल झाला आहे. टेबलावर त्यांनी सगळे कागद काढून ठेवले होते, माझी वाट बघत असल्यासारखे. मी चेक पुढे केला तर हात मागे घेतला. विचारलं की परत घेतला तर पुन्हा थकबाकी म्हणून लागणार नाही ना. मी तारखेचं, महिन्याचं, विंडोजचं सगळं समजावून सांगितलं. ते नीट ऐकत होते. शेवटी म्हणाले, तुमच्या ऑफिसचा नियम असेल तो असेल, आमची काही तक्रार नाही. मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते हे की चेक क्लीअर झालेला नाही, त्यामुळे काळजी नको.

चेक त्यांनी घेतला आणि कागदांच्या खाली ठेवला. मग विचारलं की आता डॉक्टरीणबाईंना फोन केला तर चालेल का. मी म्हटलं, आजच करा, रोज करा. त्यांनी विचारलं, किती मिनिटं. मी म्हटलं, कितीही. ते म्हणाले, तसं नको, तुम्ही एक आकडा सांगा, म्हणजे माझ्याकडून चूक होणार नाही.

पेन घेऊन कॅलेंडरपाशी उभे होते. मला काय झालं कुणास ठाऊक, मी दहा म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं. खाली माझं नाव लिहिलं, आडनावासकट.

पद्मिनीला हे सांगितलेलं नाही.