ए पासून हेडक्लार्कपर्यंत

१ जुलै १८९५. गिरगाव. सकाळी सहा.
संकल्प! रोज पंचवीस इंग्रजी शब्द पाठ. डिक्शनरी ए पासून, ओळीने. मधेच उड्या मारायच्या नाहीत. वीस वर्षे ऑफिसात नकला करून बोटे झिजली. आता हेडक्लार्क होणारच. कालिंदीला तसे सांगितले. म्हणाली, आधी दूध आणा.

४ जुलै.
शब्द झाले अकरा. पाया पक्का हवा, घाई कशाला?
पुतळाबाई कोळीण दारावर आली. मासळी शिळी. ताडकन म्हटले, ॲबॉमिनेबल! ती म्हणाली, बोंबील न्हाय हो दादा, हलवा हाय. अज्ञान, दुसरे काय! हलवा घेतला.

९ जुलै.
अकराच. उजळणी हाही अभ्यासच.

१२ जुलै. दुपारी.
काय थाट! आमचे हेडक्लार्क कायतान डिमेलो यांचा ऑफिसात सत्कार. हार, गुच्छ, चांदीचे घड्याळ. साहेब स्वतः बोलायला उभा. भाषणातला एकच शब्द मनात भरला: सुपरॲन्युएटेड! तोंड कसे भरून येते. रावबहादूरच्याही वरची पदवी दिसते. डिमेलोंच्या डोळ्यांत आनंदाश्रू.

१५ जुलै.
डिमेलोंची खुर्ची रिकामी. एवढी पदवी मिळाल्यावर आमच्यात कशाला बसतील? थेट विलायतेच्या ऑफिसात गेले असणार. आणि मी नुसता हेडक्लार्क व्हायला निघालो होतो! छे, छे!
कालिंदी म्हणते, अहो, त्या शब्दाचा अर्थ पुस्तकात पाहा तरी. म्हटले, अजून ए संपलेला नाही. एसची पाळी येईल तेव्हा पाहू. शिस्त म्हणजे शिस्त.

१६ जुलै.
अर्ज दिला. वीस वर्षांच्या इमानी चाकरीबद्दल मला विनाविलंब सुपरॲन्युएटेड करावे. साहेबाने दोनदा वाचला, उठून माझा हात हातात घेतला! म्हणाला, हेच तुला कसे सांगावे या विवंचनेत मी वर्षभर होतो. जागच्या जागी मंजूर! शेजारच्या टेबलावरचा ॲलॉयशियस आ वासून बघत राहिला. जळतो मेला! चाळभर पेढे वाटले.

१८ जुलै. संध्याकाळी.
हार मिळाला. घड्याळही. टाळ्या ओसरल्यावर ॲलॉयशियसने कोपऱ्यात नेऊन अर्थ सांगितला: म्हातारा झाला, कामाचा उरला नाही, म्हणून घरी बसवलेला. अहो, मी बेचाळीस वर्षांचा आहे! धावत साहेबाकडे गेलो, अर्ज परत मागितला. साहेब म्हणाला, कागद हेड ऑफिसला गेले. हेडक्लार्क ॲलॉयशियस झाला.
घरी आलो तर कालिंदी दारात ताट घेऊन उभी, मागे सगळी चाळ. ओवाळून घेतले.