एक्कावन्नावं पाकीट

सर, तक्रार चकलीची आहे. यंदा आमच्या वसाहतीच्या उत्सव समितीने दिवाळीत गरजूंना फराळाची पाकिटं वाटली, त्यांतली चकली मऊ होती. एक पाकीट फाटलं होतं म्हणून चाखली. कुरकुरीत असणे हा चकलीचा धर्म. धर्मभ्रष्ट चकलीला फराळात स्थान द्यावे किंवा कसे, यावर निवाडा द्यायला तुमच्यामागे गोंदियात कुणी उरलेलं नाही, म्हणून हे प्रकरण तुमच्याकडे पाठवतो आहे. मी अध्यक्षांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "गुरुजी, बांटने की चीज है. आपल्याले थोडीच खायची आहे?" या वाक्याने मला आठवडाभर छळलं. तुम्ही असता तर तिथल्या तिथे त्यांना ती चकली खायला लावली असती आणि वर "कशी आहे?" असंही विचारलं असतं. मी काय केलं? मान हलवली आणि पाकिटांना रिबिनी बांधायला बसलो.

रिबिनी बांधताना तुमचं स्वयंपाकघर आठवत होतं. बी.ए.चं दुसरं वर्ष, दिवाळीची सुट्टी, आणि मी वसतिगृहातच राहिलो होतो. घरी, सडक अर्जुनीला, जायला बसभाडं नव्हतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही निरोप धाडलात, पुस्तकांना वाळवी लागली आहे, उन्हात घालायला माणूस हवा, जेवण इथेच. तीन दिवस मी तुमची पुस्तकं अंगणात मांडत होतो आणि उचलत होतो. वाळवी मला एकदाही दिसली नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही पाटावर बसला आहात, काकू कढईत अनारसे सोडताहेत, आणि तुम्ही माझ्यापुढे एक हिरवा स्वेटर टाकता. "हिने माझ्यासाठी विणला आणि माप चुकवलं. तू घाल, नाहीतर मला जन्मभर हिला तोंड द्यावं लागेल." काकू झाऱ्यावरची नजर न काढता म्हणतात, "हो, माझंच चुकलं." मी हात जोडून काहीतरी भारदस्त बोलायला लागलो, तर तुम्ही खेकसलात, "आधी अंगात घाल. आणि बाहेर बोलू नकोस, हिची अब्रू जाईल."

सर, उंचीने तुम्ही माझ्या खांद्याला लागत होता. त्या स्वेटरच्या बाह्या माझ्या मनगटावर नेमक्या येऊन थांबत होत्या. दोन वर्षं मी मनातल्या मनात काकूंच्या विणकामाची कीव केली. आमची समासाची एक चूक ज्या घरात खपत नव्हती, तिथे मापाचा हातभर घोटाळा कसा झाला, हा प्रश्न पडायला मला नोकरी लागावी लागली. इतका मंद विद्यार्थी तुम्ही पदरी बाळगलात, हे तुमचं खरं दान.

आता समितीचं ऐका. माझं अक्षर बरं, म्हणून यादी मी लिहायची. संस्कृतचा मास्तर, म्हणून भाषणही मीच करायचं. पन्नास नावं झाली आणि अध्यक्ष अडून बसले. पन्नास शुभ नाही, एक्कावन्न पाहिजेत, आणि बॅनरवर एक्कावन्न छापून आलेलं आहे. "एक नाव टाका कोनाचं पन." सगळे आठवू लागले. चहा निवत होता. गरजू सापडेना म्हणून सात-आठ माणसं हवालदिल झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. मग एक नाव पडलं, सगळ्यांनी हुश्श केलं आणि चहा संपवला.

ते नाव आमच्या मागच्या गल्लीतल्या बाईंचं होतं. त्या दारात बसून विड्या वळतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घर स्वतःचं, कुणापुढे कधी हात पसरलेला नाही. भाऊ माहेरी, बिरसीकडे, धान पिकवतो. भाऊबीज झाली की त्या माहेरी मंडईच्या जत्रेला जातात, आणि मंडईहून येताना नव्या धानाचे पोहे फडक्यात बांधून आमच्याकडे आणतात. त्याच फडक्यात माझी बायको लाडू-चिवडा बांधून देते. अकरा वर्षं हे चाललं आहे. याला देणं म्हणायचं की घेणं, हे आमच्यापैकी कुणी कधी ठरवलं नाही.

समारंभात मी गुप्तदानावर बोललो. लाऊडस्पीकरवरून. आवाज रेल्वे फाटकापर्यंत पोचला, असं मला मागाहून कौतुकाने सांगण्यात आलं. तुमचं हसू मला इथे ऐकू येतं आहे, पुरे करा. मग नावं पुकारली गेली. बाईंचं नाव आलं तेव्हा त्या गर्दीच्या कडेला गंमत बघत उभ्या होत्या. त्यांना वाटलं असावं, काहीतरी काम आहे. हात लुगड्याला पुसत लगबगीने आल्या, आणि मी पाकीट पुढे केल्यावर तशाच थांबल्या. फोटोवाला ओरडत होता, "अम्मा, इधर देखो! गुरुजी, पाकिट थोडा उपर!" चारचौघांत नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी ते घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही. फोटो तासाभरात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला.

यंदा पोहे आले नाहीत. मंडया होत आल्या, बाई माहेरून परतल्या, दारावरून दोनदा गेल्या, थांबल्या नाहीत. बायको मला म्हणाली, "तुम्ही काय केलंत?" तिने तो फोटो पाहिला होता, तेव्हा हा प्रश्न नव्हताच. चार दिवसांपूर्वी मी तुमची युक्ती वापरायची ठरवली. ज्याला द्यायचं त्याच्याकडे आपणच मागायला जायचं.

"या गुरुजी," त्या मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला न सारता म्हणाल्या. "फोटूवाला कुठी आहे?"

"एकटाच आलो. घरचे पोहे संपलेत. बाजारचे आमच्याकडे कुणाला चालत नाहीत. तुमचीच मदत पाहिजे."

"खोटं बोलता येत नाही जी तुमाले. तुमची बायको कालच दुकानातून पोहे घेऊन जाऊन राहिली होती. म्या पायलं."

मी चपला काढून पायरीवर बसलो.

"मले येक सांगा. अकरा वर्सं म्या पोहे आनले, तवा तुमी गरजू होता का?"

"नाही."

"मंग मी कवा झाली?"

बोटं थांबली नव्हती, पान वळत होतं, दोरा बसत होता. मग सांगू लागल्या. भावाच्या मुलाने तो फोटो मोबाईलवर पाहिला आणि मंडईच्या दिवशी, पाहुण्यांनी घर भरलेलं असताना, सगळ्यांना दाखवला. "माहा भाऊ म्हने, बहिनीवर दुसऱ्याचं मांगून खायाची पाळी आली अन् मले मालूम नाही. दिवसभर जेवला नाही तो. आता सारखा इचारून रायला, तुले का कमी पडलं? मी का सांगू त्याले?" एक विडी त्यांच्या हातात मोडली. "माहं नाव कोनं लेहलं जी?"

"समितीने," मी म्हणालो.

"वाटलंच मले. तुमी नसान लेहलं." त्या उठल्या, आत गेल्या आणि फडकं बांधून घेऊन आल्या. "घ्या. तुमच्यासाठी काढूनच ठेवले होते. रागात आनले नाही."

तर सर, पोहे घरी आले आहेत. बायको खूश आहे, तिने त्याच फडक्यात लाडू बांधून परत पाठवले, आणि तिच्या मते प्रकरण मिटलं. मी अजून एक घासही खाल्लेला नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं आहे. चकलीला उगाच बोल लावला. तिची तक्रार मागे घेतो.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच ते इतकं सरळ लिहिता आलं. ज्यांना पोचेल त्या बाई मागच्या गल्लीत आहेत, आणि त्यांच्या दारापर्यंत मी चार दिवसांत तीन वेळा जाऊन परत आलो. त्यांच्या भावाला जाऊन सांगायला पाहिजे की त्यांना काही कमी पडलेलं नाही, कमी आम्हाला पडलं होतं, एक नाव. ते नाव समितीने नाही, मी सुचवलं आणि मीच लिहिलं. पोह्यांचं साधं खोटं बोलताना माझी जीभ अडखळली, ते त्यांनी लगेच ओळखलं. "समितीने" म्हणताना जीभ मुळीच अडखळली नाही, आणि त्यांनी विश्वास ठेवला तेव्हा मला बरं वाटलं. सर, मला काळजी त्याची आहे.